पिवळं दिसलं म्हणून शँटरेल नव्हे

गेल्या वर्षी आषाढात भाचा कारवारला त्याच्या काकांकडे गेला होता. परतताना सावंतवाडीला आमच्याकडे उतरला, तो हातात स्टीलचा डबा घेऊन. आईला वाटलं, काकीने काही गोडधोड दिलं असेल. झाकण काढलं तर आत केळीच्या पानावर सात-आठ पिवळीधमक अळंबी. कडा नागमोडी, मध्ये खोलगट, लहानशा नरसाळ्यासारखी.

"मावशी, ही शँटरेल आहेत. फोनने सांगितलं. तिकडे युरोपात फार महाग असतात. भाजी करायची?"

आईने डब्यात एकदा वाकून पाहिलं. "ही काय वारुळाची अळमी न्हय. टाकून दी."

खाण्यापुरतं आईचं म्हणणं बरोबरच होतं. पण अळंबं कुठलं, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. आणि फोनने दिलेलं नाव खरं निघालं असतं, तरी ते खरं कशावरून, हे भाच्याला सांगता आलं नसतं. पाऊस तर असा लागला होता की कुठे बाहेर जायची सोय नव्हती. मग ती संध्याकाळ आणि दुसरी सकाळ आम्ही त्या डब्यापाशीच काढली. अळंबं ओळखतात म्हणजे नेमकं काय करतात, ते त्या निमित्ताने लिहिते.

आधी एक गोष्ट. आपण ज्याला अळंबं म्हणतो ते नुसतं फळ आहे. आंबा तोडून आणावा आणि झाड तिथेच राहावं, तसं. फरक इतकाच की इथे झाड जमिनीखाली असतं, कापसाच्या धाग्याहून बारीक तंतूंच्या जाळ्याच्या रूपाने, आणि ते वर्षभर दिसत नाही. पाऊस आणि ऊब जमून आली की फळ वर येतं. त्यामुळे हातात आलेल्या अळंब्यावरून आपण एका न दिसणाऱ्या जिवाची ओळख पटवत असतो, आणि त्याचा निम्मा पुरावा जिथून उपटलं तिथेच राहिलेला असतो.

हातातलं अळंबं मी उलटं केलं. रंग सगळ्यात शेवटी बघायचा, कारण पिवळी अळंबी पुष्कळ असतात आणि पावसाने धुतली की रंग बदलतोही. खालची बाजू मात्र सहसा खोटं बोलत नाही. बाजारातलं बटन मशरूम किंवा आपलं वारुळाचं अळंबं उलटं करून पाहा. दांड्यापासून कडेपर्यंत पातळ पडदे दिसतील, वहीची पानं उभी करून ठेवावीत तसे. प्रत्येक पडदा सुटा असतो, धारदार असतो, नखाने सोलला तर निघून येतो. शँटरेलला हे पडदे नसतात. तिथे असतात त्या सुरकुत्या. आईच्या हाताच्या पाठीवर शिरा उठून दिसतात ना, तशा बोथट, मांसातूनच वर आलेल्या. त्या जागोजागी दुभंगतात, मध्येमध्ये आडव्या शिरांनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि छत्रीवरून दांड्यावर अर्ध्यापर्यंत घसरत येतात. छत्री कुठे संपली आणि दांडा कुठे सुरू झाला, ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

भाच्याला नखाने एक सुरकुती सोलायला सांगितली. सुटी निघेना. मांसाचा लचका आला.

मग आईची विळी घेतली (तिच्या नाराजीसह) आणि एक अळंबं छत्रीपासून बुडापर्यंत उभं चिरलं. आतून भरीव, फिकट पांढरट, कडेला पिवळसर झाक. दुसरं हाताने फाडलं, तर केळीचं सोपट फाटतं तसं उभ्या धाग्यांनी फाटत गेलं. एकातही अळी नव्हती. शँटरेलला सहसा कीड लागत नाही, हीसुद्धा बाजूची साक्ष, पण कच्ची. आतून पोकळ निघालं असतं तर आम्ही शेजारच्या घराचं दार ठोठावलं असतं: क्रेटरेलस ही शँटरेलची सख्खी बहीण आहे आणि तिच्यातली बरीच अळंबी नळीसारखी पोकळ असतात.

वासाबद्दल पुस्तकं एकमुखाने सांगतात की शँटरेलला जर्दाळूचा वास येतो. आता कोकणात ताजा जर्दाळू हुंगलाय कोणी? आम्ही दिवाळीच्या सुक्या मेव्यातला आठवून पाहिला. भाच्याला तोच वास आला, कारण त्याला यायला हवा होता. आईने हुंगून सांगितलं, "वास बरो आसा." वहीत मी आईचं मत लिहिलं.

यानंतरचा प्रश्न महत्त्वाचा: उगवलं होतं कशावर? भाचा म्हणाला, जमिनीवर. एकेकटं की एका बुडातून झुबका? एकेकटं, पण जवळजवळ. खाली कुजकं लाकूड पुरलेलं नव्हतं ना? हे त्याने पाहिलं नव्हतं. मी एवढ्या खोदून विचारत होते ती ऑम्फालोटसमुळे. हेही नारिंगी-पिवळं, नरसाळ्यासारखं, दिसायला देखणं अळंबं. ते लाकडावर वाढतं, बहुधा झुबक्याने. पण लाकूड मातीत गाडलेलं असलं की वरून जमिनीवरच उगवल्यासारखं दिसतं. त्याला खरे, धारदार पडदे असतात आणि आत इल्युडिन नावाचं विष असतं. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या आणि पोटात मुरडा सुरू होतो. माणूस सहसा दगावत नाही, पण रात्र विसरत नाही. शँटरेल समजून ऑम्फालोटस खाल्ल्याचे प्रकार परदेशात वारंवार घडतात. त्याच्या काही जातींचे पडदे अंधारात हिरवट चमकतात. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात कुजकी लाकडं रात्री चमकतात ती वेगळ्या, बारीक बुरशांमुळे. त्यामुळे चमकलं नाही म्हणजे निर्धोक, असं समजू नये. 'खोटं शँटरेल' म्हणून आणखी एक अळंबं ओळखलं जातं, त्याचेही पडदे पातळ आणि खरे असतात. ते थंड मुलखातलं आहे, त्याच्यावर आम्ही वेळ घालवला नाही.

रात्री झोपण्यापूर्वी एका अळंब्याची छत्री कापून कागदावर ठेवली, अर्धी काळ्या कागदावर, अर्धी पांढऱ्या, आणि वर वाटी पालथी घातली. सकाळी वाटी उचलली तेव्हा काळ्या अर्ध्यावर पुसट मलईच्या रंगाची नक्षी उमटलेली होती, सुरकुत्यांचा हुबेहूब नकाशा. पांढऱ्यावर जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. हा बीजाणूंचा ठसा. झाडाला बी तसे बुरशीला बीजाणू, फक्त इतके बारीक की लाखो जमले तेव्हा कुठे रंग दिसतो. शँटरेलचा ठसा पांढरट ते फिकट पिवळसर येतो, तेव्हा हा जुळला. पण ऑम्फालोटसचा ठसाही फिकटच येतो! म्हणजे ज्या दोघांत गोंधळ होण्याची सर्वांत जास्त भीती, त्यांना ही चाचणी वेगळं करत नाही. ती काम करते दुसरीकडे. पावसाळ्यात गवतात आणि परसात मोठ्या पांढऱ्या छत्र्यांचं क्लोरोफायलम नावाचं विषारी अळंबं उगवतं. लोक ते खाण्याजोगं समजून उचलतात. त्याचा ठसा हिरवट येतो, आणि एका रात्रीत भांडं फुटतं.

इथवर आईला काही पटलं नव्हतं. "येवढा सगळा करण्यापरास टाकूक काय झाला?" तिची स्वतःची पद्धत साधी आहे. वारुळाचं अळंबं तिला पुरतं ठाऊक आहे: छत्रीच्या मध्यावर टोक, दांडा खाली मुळासारखा निमुळता होत हातभर खोल गेलेला, आजूबाजूला वारूळ. गोव्यात यालाच रोयण अळमी म्हणतात आणि पावसाळ्यात रस्त्याकडेला पानांत बांधून विकतात. शास्त्रात ही टर्मिटोमायसिस. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली त्यांना हे नाव दिलं. एवढं एक अळंबं आई ओळखते, बाकी सगळं टाकून देते. चांदीचं नाणं काळं पडतं का बघ, लसूण घालून शिजव, किड्याने खाल्लं ते माणसाला चालतं, असल्या ज्या खुणा लोक सांगतात त्यांपेक्षा आईची पद्धत कितीतरी शहाणपणाची. त्या खुणांपैकी एकही खरी नाही. जगातली सर्वांत घातक अळंबी चांदीला काळं करत नाहीत, आणि शिजवूनही त्यांचं विष जात नाही.

वारुळाच्या अळंब्यावरूनच पुढचा मुद्दा भाच्याला सांगता आला. अळंबं पोट कसं भरतं, यावरून त्याची जात-पात बरीच कळते. धिंगरी, म्हणजे बाजारातलं ऑयस्टर मशरूम, भाताच्या पेंढ्यावर वाढते, म्हणजे मेलेल्या पाल्यापाचोळ्यावर जगते. टर्मिटोमायसिसची शेती वाळवी करते, जमिनीखालच्या मळ्यात. शँटरेलचं तिसरंच. त्याचे तंतू जिवंत झाडाच्या मुळांच्या टोकांना बाहेरून मोज्यासारखे वेढतात. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला मातीतलं पाणी आणि क्षार ओढून देतात. दोघांचा वाटा ठरलेला, आपल्याकडे खोताच्या जमिनीतही इतका चोख नसे. म्हणूनच शँटरेल धिंगरीसारखं पोत्यात पिकवता येत नाही. १९९७ साली स्वीडनमध्ये पाइनच्या रोपांच्या मुळांशी शँटरेल रुजवून काचघरात फळं आणून दाखवली, पण बाजारात येतं ते आजही रानातूनच वेचलेलं.

हे एकदा लक्षात आलं की कोकणातली शोधाशोध एकदम आटोपशीर होते. असली भागीदारी करणारी झाडं ठरलेली आहेत. युरोपात ओक, बीच, बर्च, स्प्रूस, पाइन. आशियाच्या उष्ण भागात मुख्यतः साल वृक्षाच्या कुळातली. आंबा, काजू, माड यांच्या मुळांतही बुरशी असतेच, पण ती वेगळ्या प्रकारची, मुळाच्या आत राहणारी, आणि तिला असली अळंबी येत नाहीत. म्हणजे देवगडच्या कलमांखाली किंवा वेंगुर्ल्याच्या काजूच्या बागेत पिवळं नरसाळं सापडलं, तर आधी शंका घ्यायची. कारवारच्या बाजूच्या घाटातल्या सदाहरित रानात मात्र होपियासारखी साल वृक्षाच्या कुळातली झाडं आहेत. भाच्याचं अळंबं तिथलं होतं, आणि म्हणूनच मी ते टाकलं नव्हतं.

"म्हणजे शँटरेलच ना?" भाचा.

कॅन्थरेलस म्हणायला हरकत नाही, मी म्हटलं; शँटरेलचं ते शास्त्रीय नाव. पण ते आडनाव झालं. जीवशास्त्रात प्रत्येक जिवाला दोन शब्दांचं नाव असतं: पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा. वर्तमानपत्रं या दोन शब्दांची सर्रास अदलाबदल करतात, म्हणून सांगते: प्रजाती मोठी, जाती तिच्या पोटातली. फोनने नाव दिलं होतं कॅन्थरेलस सिबेरियस. त्यातला पहिला शब्द आम्ही विळी, नख आणि वाटी वापरून बऱ्यापैकी कमावला होता. दुसरा अजून उधारीचाच होता.

या पहिल्या शब्दाची गोष्टही मजेची आहे. ही दोन शब्दांची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये हे अळंबं पडदेवाल्या छत्र्यांच्या भल्यामोठ्या ढिगात, अगॅरिकसमध्ये टाकलं होतं. ते पडदे नसून सुरकुत्या आहेत, या फरकाला महत्त्व देऊन १८२१ मध्ये एलियास फ्रीस या स्वीडिश शास्त्रज्ञाने कॅन्थरेलस ही प्रजाती पक्की केली. नाव आलं ग्रीक भाषेतल्या 'कँथरोस' म्हणजे दोन कानांच्या पेल्यावरून. पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षं अळंब्यांचं वर्गीकरण असंच चाललं, आकार पाहून. मग डीएनए वाचता येऊ लागला आणि नात्यागोत्याची उलथापालथ झाली. मेघालयात टर्बिनेलस नावाचं मोठं, खवल्याखवल्यांचं नरसाळं बाजारात मिळतं. दिसायला शँटरेलचा थोरला भाऊ, म्हणून जुन्या काळी याच घरात गणलं गेलं होतं. नात्याने ते भलत्याच गणातलं, म्हणजे कुळांच्या वेगळ्याच गटातलं, निघालं (आणि काहींच्या पोटाला ते सोसतही नाही). उलट, छत्रीखाली सुरकुत्यांऐवजी काटे असलेलं हायड्नम शँटरेलच्या इतकं जवळचं ठरलं की आता बरेच जण दोघांना एकाच कुळात धरतात. आणि आपल्या शेतकऱ्यांना माहीत असलेला एक पाहुणा: भातावर पर्णकोष करपा आणणारी रायझोक्टोनिया. खोडाला वेढणाऱ्या पानाच्या कोषावर राखाडी डाग पाडणारी ही बुरशी शँटरेलच्याच गणातली आहे. बटन मशरूमचं शँटरेलशी जेवढं नातं, त्याहून तिचं जवळचं. हे ऐकून आई पहिल्यांदा हसली. "मगे बरा झाला खाल्लंव नाय ता."

आता दुसरा शब्द. सिबेरियस म्हणजे खाण्याजोगं. फ्रीसने हे नाव युरोपातल्या शँटरेलला दिलं, आणि नंतर जगात कुठेही अंड्याच्या बलकासारखं पिवळं शँटरेल दिसलं की त्याला तेच नाव चिकटत गेलं. भारतातल्या नोंदींतही ते वारंवार येतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर टनावारी गोळा होणारं शँटरेल लोक पिढ्यान्‌पिढ्या सिबेरियस म्हणूनच विकत होते. ते वेगळंच आहे, त्याचं नाव फॉर्मोसस, हे १९९७ साली स्पष्ट झालं. हे नाव कॉर्नर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६६ मध्येच देऊन ठेवलेलं होतं, कोणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. १९९९ मध्ये ते ऑरेगनचं राज्य-अळंबं झालं. कॅलिफोर्नियातल्या ओकांखालच्या थोराड शँटरेलला तर २००८ पर्यंत स्वतःचं नावच नव्हतं. ज्यांच्याकडे इतके वेचणारे आणि इतकी विद्यापीठं, तिथे ही गत. मग युरोपातल्या ओक-स्प्रूसशी संसार करणारी जात कारवारच्या होपियाखाली कशी येईल, हा साधा प्रश्न फोनला पडत नाही. त्याने पाहिलेल्या फोटोंतला सर्वांत जवळचा चेहरा तो सांगतो.

जात ठरवायची तर सूक्ष्मदर्शक लागतो. त्याखाली मोजायचे ते बीजाणू: सिबेरियसचे साधारण ७ ते ११ मायक्रॉन लांब, गुळगुळीत, लंबगोल. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ज्या पेशीवर बीजाणू धरतात ती शँटरेलमध्ये लांब, गदेसारखी असते आणि तिच्यावर चारच नव्हे, कधी पाच, सहा किंवा आठही बीजाणू असतात. बहुतेक छत्र्यांत चार असतात. मग तंतूंच्या सांध्यांवर कडी आहे का बघायचं. कडी म्हणजे पेशीला पेशी जोडते तिथे बाहेरून घातलेला छोटा फुगीर वळसा. उष्ण प्रदेशातल्या शँटरेलांची गटवारी करताना ही कडी असणं-नसणं फार कामाला येतं. छत्रीच्या वरच्या सालीतले तंतू जाड भिंतीचे की पातळ, हेही. या चार गोष्टी जुळवल्या की शंभर नावांतली बरीचशी गळतात.

उरलेल्यांसाठी डीएनए. बुरश्यांची ओळख पटवण्यासाठी डीएनएचा 'आयटीएस' नावाचा एक तुकडा २०१२ मध्ये सर्वमान्य झाला, दुकानातल्या वस्तूवरच्या बारकोडसारखा. शँटरेलने इथेही गोंधळ घातला. त्याचा हा तुकडा नेहमीपेक्षा लांब आणि वाचायला त्रासदायक असतो, म्हणून अभ्यासक टीईएफ-१ हे वेगळं जनुकही तपासतात. आणि कुठल्याच नावाशी जुळलं नाही तर? तर ती नवी जात असू शकते. त्यासाठी मूळ नमुना सुकवून एखाद्या मान्य संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो, वर्णन छापावं लागतं, आणि २०१३ पासून त्या नावाची अधिकृत नोंदणीही करावी लागते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर यांच्या नावाचं बुरश्यांचं संग्रहालय आहे, तिथे असे नमुने जपले जातात. पुढे शंभर वर्षांनी कोणाला शंका आली तर तो सुकलेला तुकडा काढून पुन्हा तपासता येतो. फोटोचं तसं होत नाही.

आमच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता. दोन अळंबी आईच्या पापडाच्या जाळीवर पंख्याखाली सुकवली, कुरकुरीत झाल्यावर कागदाच्या पाकिटात घातली आणि ओल धरू नये म्हणून औषधाच्या बाटलीतल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या सोबत टाकल्या. भाचा कॉलेजात घेऊन जाणार होता. पाकिटावर मी लिहू लागले: कॅन्थरेलस, जाती, आणि पुढे जागा कोरी. तारीख. कारवार तालुका. जमिनीवर, एकेकटी. चिरल्यावर भरीव. ठसा मलईसारखा. वास बरा.

"झाड कुठलं होतं?" मी विचारलं.

"मोठं होतं."

"पान आणलंस?"

नव्हतं आणलं. त्याने तिथूनच काकांना फोन लावला आणि पाऊस उघडला की त्या उतारावर जाऊन वरच्या झाडाची फांदी आणून ठेवा म्हणून सांगितलं. काका पलीकडून काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण भाच्याला दोनदा सांगावं लागलं की नाही, अळमी नको, फक्त फांदी.